वहीतल्या चार सह्या

जिओकॅशिंग हा शोधाचा खेळ आहे. कोणीतरी एखादी लहान डबी किंवा पेटी एका जागी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि इतरांनी उपग्रहांच्या संकेतांवर चालणाऱ्या यंत्राच्या आधारे तिथवर पोहोचून पेटीतल्या वहीत सही करायची, एवढाच त्याचा मूळ नियम. अमेरिकेच्या सरकारने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक मे २०००च्या आरंभी काढून टाकली आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी बादली रानात ठेवली, तेव्हापासून हा खेळ सुरू झाल्याचे मानतात. पुढे त्यात पोटप्रकार निघाले व त्यांतला सर्वांत हट्टी प्रकार म्हणजे ‘चॅलेंज’, अर्थात पात्रतेची पेटी. अशी पेटी कोणालाही सापडू शकते आणि तिच्यातल्या वहीत सहीही कोणालाही करता येते. मात्र ती ‘सापडली’ अशी नोंद तेव्हाच ग्राह्य धरली जाते, जेव्हा शोधणाऱ्याने आधीच्या शोधांतून एखादी विशिष्ट अट पूर्ण केलेली असते. शोधाची अवघडता आणि वाटेचा खडतरपणा यांना प्रत्येकी एक ते पाच असे अर्ध्या-अर्ध्या गुणांच्या पायऱ्यांनी मोजले जाते, त्यांतून नऊ गुणिले नऊ अशी ८१ घरांची चौकट तयार होते आणि ती सगळी घरे भरल्याशिवाय काही पेट्यांवर हक्क सांगता येत नाही. तर दुसऱ्या एका अटीनुसार मे २०००पासूनच्या प्रत्येक महिन्यात लपवलेली किमान एक पेटी शोधलेली असावी लागते. अशा अटींचा इतका सुळसुळाट झाला की २०१५ साली नव्या पात्रता-पेट्यांना वर्षभर बंदी घालावी लागली आणि पुढच्या वर्षी, अट पुरी झाली की नाही हे संगणकाने तपासता आले पाहिजे, या नियमासह ती उठवण्यात आली.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. अष्टविनायकाची यात्रा मोरगावापासून सुरू करून मोरगावालाच संपवली तरच ती शास्त्रोक्त, नर्मदेची परिक्रमा करताना नदी कायम उजव्या हाताला आणि पात्र कुठेही ओलांडायचे नाही, या अटी त्याच कुळातल्या होत. देव सर्वांना दिसतो, पण पुण्य नियमाने चालणाऱ्याच्या खात्यावर जमा होते.

मुंबईतही काही पेट्या नोंदलेल्या आहेत, परंतु युरोप-अमेरिकेच्या मानाने त्या अगदी थोड्या, आणि ८१ घरांची चौकट इथल्या उपनगरांत भरू पाहणाऱ्याचे आयुष्य अपुरे पडेल. म्हणून साताऱ्याहून निघालेल्या ज्या प्रवाशाच्या वाटेचे हे वर्णन आहे, त्याने आपली अट आपणच घालून घेतली होती. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड या चार ठिकाणी प्रत्येकी एक अशी वस्तू शोधायची, जी १८५३च्या आधीची असेल, जागची हललेली नसेल आणि आजही कोणाच्या तरी रोजच्या वापरात असेल. शेवटचा टप्पा फोन खिशात ठेवून, माणसांना विचारत गाठायचा. आणि ज्याने वाट दाखवली त्याची सही सोबतच्या वहीत घ्यायची. १८५३ एवढ्यासाठी, की त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि पश्चिमेच्या बाजूला १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे गाडी सुटू लागली. त्या दोन रुळांनी साष्टी बेटावरच्या गावांना ‘उपनगर’ केले, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने ओळखले जाण्याची सवय लावली. विचारत जाण्याची अट कोणत्याही संगणकाला तपासता येणार नसल्यामुळे हे आव्हान अधिकृत नियमांत नापास झाले असते, हे उघड आहे.

घाटकोपरला पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की इथे पेटी लपवणे हा खेळ होऊच शकत नाही. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्टेशनाबाहेर बसमध्ये स्फोट झाला, पुढच्या मार्चमध्ये मुलुंडला लोकलमध्ये, त्याच जुलैत पुन्हा घाटकोपरला, आणि ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेवर ज्या गाड्या फुटल्या त्यांत जोगेश्वरी आणि बोरिवली ही नावे होती. म्हणजे या प्रवासाच्या चार मुक्कामांपैकी तिघांना बेवारस डबीचा अर्थ स्वतःच्या अंगावर कळलेला आहे. फलाटावर दर थोड्या वेळाने होणारी, बेवारस वस्तूला हात न लावण्याची सूचना इथला माणूस कानाने ऐकत नाही, पण त्याचे डोळे ती पाळत असतात. जिओकॅशिंगमध्ये खेळ ठाऊक नसलेल्या बघ्यांच्या नजरेआड राहून पेटी काढणे हे कौशल्य समजले जाते; घाटकोपरच्या पुलावर कठड्याखाली हात घालून चाचपडणारा माणूस नजरेआड राहील अशी एक चौरस फूट जागा नाही आणि ती नसावी हेच बरे.

दोन पेट्यांमध्ये किमान १६१ मीटरचे अंतर असावे, असा या खेळाचा आणखी एक नियम आहे. पूर्वेच्या खाऊगल्लीत तेवढ्या अंतरात तव्यावर चीज, भाज्या, शेजवान चटणी आणि काय काय पसरलेले डोसे, मुंबई सँडविच, पाणीपुरी, रगडा, कुल्फी असे सारे येऊन जाते, आणि गुजराती फरसाणाच्या दुकानांतून खाकऱ्याचे इतके प्रकार मांडलेले असतात की त्यांचीच एक चौकट भरावी. साताऱ्यात खाणे हे बहुधा बसून, पाण्याचा तांब्या आल्यावर होते; घाटकोपरात बशी हातात येण्याआधी मागचा माणूस आपली ऑर्डर सांगून मोकळा झालेला असतो आणि तरीही डोसेवाला ‘तिखट कमी करू का?’ हे प्रत्येकाला विचारतो. घाईतला हा अगत्याचा धागा बाहेरून येणाऱ्याच्या उशिरा लक्षात येतो.

घाटकोपरची वस्तू स्टेशनाजवळ सापडणार नाही, हे उघड होते. पश्चिमेला असल्फ्याची टेकडी आहे, जिच्या उतारावरची घरे ‘चल रंग दे’ या उपक्रमात २०१७च्या अखेरीस रंगवली गेली आणि मेट्रोच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या पिवळ्या-निळ्या भिंतींची छायाचित्रे देशभर फिरली. खालून वर चढताना मात्र रंग दिसत नाहीत, पायऱ्या दिसतात. त्या इतक्या अरुंद आहेत की गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस वरून आला तर खालच्याला कोणाच्या तरी उंबऱ्यात उभे राहावे लागते आणि घरातले लोकही त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. ‘इथली सगळ्यात जुनी गोष्ट कोणती?’ या प्रश्नाला आधी एका देवळाचे नाव मिळाले, मग नळाचे, आणि मग एका बाईंनी हसत ‘आमचा डोंगरच की,’ असे म्हणून आपल्या खोलीत बोलावले. खोलीच्या तीन भिंती विटांच्या होत्या. चौथी भिंत म्हणजे काळा, ओबडधोबड कातळ. त्याच्या एका कंगोऱ्यावर देवाची तसबीर टेकवलेली, दुसऱ्या खाचेत कंगवा आणि टूथब्रश, आणि पायथ्याशी सिमेंटची बोटभर रुंद पन्हळ, कारण जूनपासून या भिंतीतून पाणी पाझरते आणि ते मोरीकडे वळवावे लागते. साताऱ्यात डोंगर गावाबाहेर असतो. अजिंक्यतारा कुठूनही दिसतो आणि त्यावरून माणूस आपली दिशा ठरवतो. इथे डोंगर घरात आहे, त्यावर कंगवा ठेवला जातो आणि पावसाळ्यात त्याच्याकडे धास्तीने पाहिले जाते. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्याच आझाद नगरात दरड कोसळून कितीतरी माणसे घरांसकट गाडली गेली होती.

वस्तू अटीत बसत होती, पण वही पुढे करताच बाईंचा चेहरा बदलला. ‘सर्व्हेवाले का तुम्ही? सही नको हं दादा.’ झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सर्वेक्षणात कोणाचे नाव यादीत लागते, कोणाचे गळते आणि कोणती सही पुढे कशाला उपयोगी पडते, याचा ज्या वस्तीला अनुभव आहे, तिने कोऱ्या पानाखाली नाव लिहायला नकार द्यावा यात शहाणपणच आहे. पहिली ओळ रिकामी राहिली. चहा मात्र घ्यावा लागला.

घाटकोपरहून अंधेरीला जाणारी मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली. तिच्या आधी उपनगरांत पूर्वेकडून पश्चिमेला जाणे हे उत्तर-दक्षिण जाण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे होते, कारण दोन्ही रेल्वेमार्ग मुंबईच्या दिशेने ओढलेले आणि त्यांच्यामधला डोंगर, तलाव, कारखाने कोणाच्याच वाटेवर नव्हते. बारा स्थानकांच्या या लहानशा मार्गावरही अंधेरीला उतरणारा लोंढा असा असतो की आपण उतरलो की उतरवले गेलो, हे सांगता येत नाही.

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या पलीकडे, गिल्बर्ट हिल आहे. सुमारे ६० मीटर उंचीचा हा काळ्या बसाल्टचा सुळका दख्खनच्या ज्वालामुखीचा उरलेला भाग असून त्याचे वय सहा ते साडेसहा कोटी वर्षांच्या घरात सांगतात. लाव्हा थिजताना आकसतो, आकसताना त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा खोलवर उतरत गेल्या की पाच-सहा बाजूंचे उभे खांब तयार होतात. अशा खांबांच्या जुडीला स्तंभाकृती बसाल्ट म्हणतात. अमेरिकेतल्या वायोमिंगमधला ‘डेव्हिल्स टॉवर’ हा याच आकाराचा जगप्रसिद्ध कडा, पण त्याच्याभोवती मोकळे माळरान आहे. इथल्या सुळक्याला १९५२मध्ये सरकारी संरक्षण मिळाले आणि २००७मध्ये महानगरपालिकेने वारसास्थळांच्या यादीत त्याला दुसऱ्या श्रेणीत घेतले, तरी खाणकामाने त्याच्या कडा आधीच तासल्या गेल्या होत्या आणि आता इमारती व झोपड्या त्याला इतक्या खेटून उभ्या आहेत की साठ मीटरचा कातळ शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही.

फोन खिशात असल्यामुळे वाट एका टपरीवर विचारावी लागली. कटिंग हातात देता देता टपरीवाल्याने हे फिरणे कशासाठी, असे विचारले आणि उत्तरात ‘जिओकॅशिंग’ हा शब्द येताच बाकड्यावरचे तिघे जागे झाले. ‘जिओ’ म्हणजे मोबाइलची कंपनी आणि ‘कॅश’ म्हणजे रोकड, हा इथला साधा अर्थ. तेव्हा रिचार्जवर पैसे परत मिळण्याची ही नवी योजना कुठल्या तारखेपर्यंत आहे, किती मिळतात, आणि डोंगरावर चढावे लागते हा काय प्रकार, अशी चौकशी सुरू झाली. कॅश म्हणजे दडवून ठेवलेला साठा, त्यात पैसे नसतात, फार तर एखादे खेळणे किंवा बिल्ला असतो आणि घ्यायचा झाला तर त्या बदल्यात तेवढ्याच मोलाचे काही ठेवावे लागते, हे समजावल्यावर एकाने शांतपणे निकाल दिला, ‘म्हणजे फुकटचं चालणं.’ या खेळाची याहून नेमकी व्याख्या अधिकृत नियमावलीतही नसेल. टपरीवाल्याने मात्र वहीत सही केली, पुढे आपणहून मोबाइल नंबर लिहिला आणि पुन्हा येणे झाले तर वडापाव शेजारच्याकडचा खावा, अशी सूचनाही दिली.

सुळक्यावर चढायला खडकात पायऱ्या खोदल्या आहेत. वर एक लहानशी बाग, दुर्गामाता आणि गावदेवी यांची देवळे. गावदेवी ही गावाच्या शिवेची राखणदार. साताऱ्याकडच्या खेड्यांत तिच्या देवळापासून गावाची हद्द बोटाने दाखवता येते. गिल्बर्ट हिलवरून पाहिले तर सर्व दिशांना छपरे, निळे ताडपत्र्यांचे चौकोन, टाक्या, मनोरे आणि पश्चिमेला धुरकट समुद्राची रेघ आहे; शीव कुठे आहे हे देवीलाच ठाऊक. तरी संध्याकाळी ओटी घेऊन आलेल्या बायकांपैकी एकीने ‘ही आमच्या आंबोलीची आणि अंधेरीची दोन्हीकडची’, असे ठामपणे सांगितले. आंबोली, ओशिवरा, वर्सोवा ही नावे त्यांच्या लेखी अजून गावांचीच आहेत, बसथांब्यांची नव्हेत.

पूर्वेकडे कोंडिविट्याची महाकाली लेणी आहेत, एकोणीस बौद्ध लेण्यांचा समूह, ज्यातल्या नवव्या लेण्यात स्तूप एका गोल, दगडी जाळीच्या खोलीत ठेवला आहे. ती अटीत बसली असती, पण अंधेरीचे घर भरलेले होते आणि लेण्याबाहेरचा पहारेकरी जेवत होता. जेवणाऱ्याला उठवू नये, हा नियम दोन्ही गावांत सारखाच आहे.

बोरिवलीला निवड करणे अवघड. मंडपेश्वरचे शैव लेणे आहे, जिथे सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी प्रार्थना सुरू केली, वर चर्च व मठ बांधला; आज वर चर्चचे छप्पर उडालेले अवशेष, खाली नटराज, आणि दर्शनी बाजूच्या एका भिंतीवर मूळच्या शिल्पाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस, असे सगळे एकाच कातळात आहे. पण प्रवाशाचा ओढा एकसरकडे होता, आणि त्याला कारण त्याचे स्वतःचे गाव.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. सातारा जिल्ह्यात ती मारुतीच्या पाराशी, ओढ्याच्या काठी, कधी गोठ्याच्या पायरीत अशी इतकी आढळते की तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. तिची वाचनाची दिशा खालून वर अशी असते: तळच्या चौकटीत लढाई आणि आडवा पडलेला वीर, तिच्या वरती त्याला हात धरून नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, माथ्यावर कलश आणि स्मृती चंद्रसूर्य असेतो टिकावी म्हणून त्या दोघांची चिन्हे. साताऱ्याकडच्या कितीतरी वीरगळांवर तळाशी गाई असतात, कारण शत्रूने वळवून नेलेले गोधन सोडवताना तो माणूस मेलेला असतो. एकसरच्या शिळांवर त्या जागी जहाजे आहेत.

बोरिवली पश्चिमेच्या रस्त्यांवर ‘एकसर’ हे नाव सगळ्यांना माहीत, ‘वीरगळ’ मात्र कोणालाच नाही. रिक्षावाल्याने देऊळ का, असे विचारले. औषधाच्या दुकानातल्या मुलीने ‘हिस्टॉरिकल आहे का काही?’ म्हणून फोन काढला आणि तिला थांबवणे शिष्टाचाराला सोडून झाले असते. शेवटी गावठाणात, म्हणजे मूळ गावाच्या वस्तीत, एका कौलारू घराच्या ओट्यावर बसलेल्या वयस्क गृहस्थांनी ‘दगड ना? लढाईचे?’ असे म्हणत चप्पल शोधली आणि ते स्वतः चालू लागले. मुंबईत पत्ता सांगण्याची रीत अशी की सिग्नलवरून डावीकडे, मग टाकी, मग विचारा. साताऱ्यात आधी ‘कोणाचे पाहुणे?’ हे विचारून मगच वाट सांगतात. या गृहस्थांनी दोन्हींतले काही केले नाही. ते पुढे चालत राहिले आणि मधूनमधून मागे वळून, पाहुणा हरवला तर नाही, एवढे पाहत राहिले.

शिळा पुरुषभर उंचीच्या आणि त्याहूनही मोठ्या, ओळीने उभ्या. पायाशी ताजी फुले, उदबत्तीची राख. डोळे सरावायला थोडा वेळ जातो, कारण ऊन-पावसाने कडा मऊ झाल्या आहेत; मग तळाच्या पट्ट्यात उंच नाळेच्या नावा दिसू लागतात, त्यांच्या पोटाशी ओळीने वल्ही, वर शस्त्रे घेतलेली माणसे, दोन नावांमध्ये पाण्यात पडणारा एक. पाणी दाखवायला शिल्पकाराने काहीही कोरलेले नाही; माणूस ज्या कोनात पडतो आहे त्यावरूनच खाली पाणी आहे हे कळते. त्याच्या वरच्या पट्ट्यात पायदळ, मग पूजा, मग स्वर्ग. काही अभ्यासक हे शिल्प तेराव्या शतकातल्या त्या लढाईचे मानतात, ज्यात देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा समुद्रावर पाठलाग केला आणि सोमेश्वर बुडाला. यादवांकडचा हेमाद्री तसे लिहून गेला आहे. काहींच्या मते शिळा त्याहून शे-दोनशे वर्षांनी जुन्या. लढाई कोणतीही असो, ज्या दगडात बुडणारा माणूस कोरला, तो दगड उभा करणाऱ्यांना हे ठिकाण मुंबईचे उपनगर नव्हे तर स्वतःच्या किनाऱ्याचे गाव म्हणून माहीत होते.

गृहस्थांनी सही करण्यापूर्वी चष्मा पुसला, वहीतल्या आधीच्या ओळी वाचल्या, रिकामी ओळ कोणाची ते विचारले आणि ऐकून ‘बरोबर केलं तिनं’ असे म्हणाले. मग स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशी पूर्ण सही करून खाली ‘एकसर गाव’ असे लिहिले, ‘बोरिवली’ नाही.

बोरिवलीहून मुलुंड सरळ रेषेत पाहिले तर डोंगराच्या पलीकडे आहे, परंतु मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे जुन्या तोंडी ‘नॅशनल पार्क’, असल्यामुळे दूरचा वळसा पडतो. त्या आधी कान्हेरीला जाणे भाग होते, अटीसाठी नव्हे तर सहीसाठी. शंभराहून अधिक लेण्यांच्या या बौद्ध विहारात कल्याण, सोपारा, चौल अशा बाजारपेठांतल्या दात्यांनी खोल्या, बाकडी आणि ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचे लेख आहेत. पण नव्वद क्रमांकाच्या लेण्यात वेगळ्याच हाताचे लेखन आहे: १००९ आणि १०२१ या वर्षांत इथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे आणि भेटीची तारीख कोरून ठेवली. दान नाही, प्रार्थना नाही, आम्ही अमुक जण अमुक दिवशी इथे येऊन गेलो, एवढेच. ही या परिसरातली जुनी अभ्यागत-नोंद म्हणायला हरकत नाही, आणि पेटीतल्या वहीचा नियमही नाव आणि तारीख एवढेच मागतो. जवळच्याच भिंतींवर अलीकडच्या प्रेमिकांनी बदामासह कोरलेली नावे आहेत, ज्यांच्यासाठी कायद्यात शिक्षा आहे. पहिल्याला शिलालेख आणि दुसऱ्याला विद्रूपीकरण म्हणायला हजार वर्षांचे अंतर पुरते, हे जरा अवघडल्यासारखे वाटते खरे, पण म्हणून चाकू काढावासा वाटू नये.

पायथ्याशी आदिवासी बायका टोपल्यांत काकड्या, पेरू, चिंचा घेऊन बसतात. काकडी उभी चिरून, चार फाकांचे फूल करून त्यात तिखट-मीठ भरून देतात, आणि ती खाताना माकडाकडे पाठ करायची नाही हे आधी बजावतात.

मुलुंडची ओळख पटायला वेळ लागतो, कारण हे उपनगर गोंधळलेले नाही. पश्चिमेला पाच रस्ता नावाच्या चौकाच्या आसपास रस्ते आखल्यासारखे सरळ आहेत, दुतर्फा झाडे आहेत, गुजराती, मराठी, दाक्षिणात्य, सिंधी, पंजाबी अशी वस्ती एकाच इमारतीत मजले वाटून राहते. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द इथवर आणि तिकडे दहिसरपर्यंत आली. त्या आधी हे ठाण्याचे होते आणि अजूनही अनेकांना खरेदीला ठाणेच जवळचे वाटते. कट्ट्यावर बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना जुनी वस्तू विचारली तर प्रत्येकाने आपापली इमारत सांगितली. कोणाची साठ वर्षांची, कोणाची सत्तर. आणि वही पाहताच चौघेही सावध झाले, कारण साऱ्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या होत्या आणि संमतीच्या सह्या हा घराघरांतल्या भांडणाचा विषय होता. ‘बिल्डरचे नाही ना?’ हा प्रश्न घाटकोपरच्या ‘सर्व्हेवाले का?’ या प्रश्नाचाच चांगल्या वस्तीतला अनुवाद होता. एक जण म्हणाले, ‘जुनं बघायचं तर पूर्वेला जा. मिठागरं.’

मध्य रेल्वेच्या जुन्या इतिहासात अशी नोंद आहे की मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना रेल्वेची कल्पना १८४३ मध्ये, शेजारच्या भांडुपला आले असताना सुचली. म्हणजे अटीतली तारीख ज्या रुळांवरून घेतली, ते रूळ ओलांडूनच मुलुंडची वस्तू गाठायची होती. पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडे वस्ती संपते, हवा जड आणि खारी होते, आणि खाडीपर्यंत चौकोनी वाफे पसरतात. आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागा, आणि आगरी हे जातिनाव त्याच शब्दाशी जोडले जाते. भरतीचे पाणी उघडीतून आत घ्यायचे, एका कुंडातून दुसऱ्यात नेत दाट करायचे, उन्हाने आटू द्यायचे आणि तळाशी धरलेले मीठ लांब दांड्याच्या फावड्याने कडेला ओढायचे, एवढेच तंत्र. पावसाळ्यात सारे पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात बांध पुन्हा घालावे लागतात. आता अनेक वाफे पडीक आहेत आणि त्यांवर घरे बांधण्याच्या योजना वर्तमानपत्रांत येतात. दूर खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंची फिकी गुलाबी रेघ होती; ठाणे खाडीचा एक भाग २०१५मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाला.

वस्तू अटीत बसते का, यावर वाद होऊ शकतो. बांध दरवर्षी नवे, मीठ तर दर पंधरवड्याला नवे; जागची न हललेली गोष्ट म्हणजे केवळ इथले पाणी आटवण्याची रीत. बांधाच्या टोकाला ढिगाशी उभ्या असलेल्या एका वयस्क बाईने प्रवाशाकडे बराच वेळ पाहिले. तिने सर्व्हे विचारला नाही, बिल्डर विचारला नाही. हातातले फावडे ढिगात उभे रोवले आणि आगरी वळणाच्या बोलीत ‘कोणाकडे आलात?’ एवढेच विचारले, जो प्रश्न साताऱ्याच्या वेशीवर पहिल्या पावलालाच येतो आणि या चारही उपनगरांत तोवर एकदाही आला नव्हता. कोणाकडेच नाही, हे उत्तर तिला पटले नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, गाव कोणते ते विचारून घेतले आणि मग बांधाची कोरडी बाजू दाखवत बसायला सांगितले.

वही पुढे केल्यावर तिने पदराला हात पुसला, पण हात पुरता कोरडा होणारा नव्हता. खारट ओलीने कागद फुगला, शाई पसरली. चौथ्या ओळीवर आडनावाचे पहिले अक्षर तेवढे वाचता येते.